पसाभर वेळ

आमच्या घरात खोल्या चार आणि माणसेही चारच. इतका सरळ हिशेब शाळेच्या गणितातसुद्धा सापडायचा नाही. एका खोलीत सासूबाई आणि त्यांची मालिका, दुसरीत माझा दहावीतला मुलगा आणि त्याचा अभ्यास, बैठकीत ह्यांचे वर्तमानपत्र. उरले स्वयंपाकघर. ते माझे. घराची दुरुस्ती झाली तेव्हा ‘जागा मोठी दिसेल’ म्हणून मिस्त्रीने त्याचे दार काढून टाकले. दाराचे एवढे काय घेऊन बसायचे, असे तेव्हा मलाही वाटले होते.

तेव्हापासून मी कुठूनही दिसते आणि अर्थातच कुठूनही मला हाक मारता येते. “आई, माझे मोजे?” “अगं, माझा चष्मा पाहिलास का?” सगळी प्रेमाची माणसे. पण दिवसभर कॉलेजात बोलून आणि लोकलमध्ये उभे राहून आलेल्या बाईला कधी कधी कुणाचेच ‘अगं’ नको असते.

भुकेला माणूस चोरी शिकतो. मीही शिकले. न्हाणीघरात नळ सोडून ठेवायचा आणि बादली भरेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहायचे. गॅलरीत एकच टॉवेल चारदा झटकायचा. सर्वांत उत्तम म्हणजे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा! तो मांडीवर उघडा असला की कोणी हाक मारत नाही. एकेका पानावर मी वीस-वीस मिनिटे घालवते, हे पाहून ‘बाई फार बारकाईने तपासतात’ अशी माझी कीर्ती झाली आहे.

गेल्या जानेवारीत वर्गात बहिणाबाई चौधरी शिकवीत होते. अक्षरओळख नसलेली ही खानदेशातली शेतकरीण दळता-कांडता, शेतात राबता राबता कविता रचीत गेली. मुलाने, सोपानदेवांनी, त्या उतरवून घेतल्या आणि ती गेल्यावर, 1952 साली, त्यांचे पुस्तक निघाले. “जात्याच्या घरघरीत ही कविता जन्मली,” असे मी नेहमीच्या भरात सांगून टाकले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने इंग्रजीच्या तासाला व्हर्जिनिया वुल्फचे 1929 सालचे ते पुस्तक वाचले होते. लिहायचे तर बाईला वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली हवी, असे सांगणारे.

“बाई, बहिणाबाईंना तशी खोली मिळाली असती, तर त्यांनी आणखी लिहिलं असतं, की लिहिलंच नसतं?”

तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर लोकलने घरी आला.

रात्री मेथी निवडताना मी तो सासूबाईंना सांगितला. त्या 1968 साली लग्न होऊन ज्या खेड्यात आल्या, तिथून पिठाची गिरणी दोन कोसांवर होती.

“पहाटे चारला उठून दळायचं म्हणजे खांदे भरून यायचे गं,” त्या म्हणाल्या. “गिरणी काढणाऱ्याचं भलं होवो. पण एक होतं. जातं फिरत असेतो मला कोणी हाक मारत नसे. आवाज थांबला की हाक आलीच! म्हणून शेवटची मूठ मी चिमटी-चिमटीनं वैरायची.”

“आणि तेवढ्या वेळात काय करायचात?”

“काय करणार? ओव्या म्हणायची. माहेर आठवायची. कधी रडायचीसुद्धा. घरघरीत कळतंय कोणाला!”

माझा हात मेथीच्या जुडीवरच थांबला. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक मी वीस वर्षे वर्गात करीत आले. त्या घरघरीचे दार करून एखादी बाई आत एकटी बसलेली असेल, हे मला कधी सुचले नव्हते. त्यांची घरघर, माझा नळ! मी एम. ए. झाले, मला पगार मिळतो, वुल्फबाईंचे पाचशे पौंड माझ्या खात्यात दरमहा जमा होतात. तरी मी अजून शेवटची मूठ चिमटी-चिमटीनेच वैरते आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी जाहीर केले : संध्याकाळी सहा ते साडेसहा मी गॅलरीत बसणार. हातात काहीही न घेता.

पहिल्या दिवशी ह्यांनी विचारले, “बरं नाही का?” मुलाने विचारले, “रागावलीस?” रिकाम्या हाताने बसलेली बाई एक तर आजारी असते नाहीतर रुसलेली; तिसरा अर्थ आमच्या घराला ठाऊकच नव्हता. खरे सांगायचे तर मलाही नव्हता. हात सारखे घडी घालायला काहीतरी शोधीत होते. चौथ्या दिवशी कुठे समोरच्या बदामाची पाने लाल झालेली मला दिसली.

त्या मुलीला मी पुढे एवढेच सांगितले, “आणखी लिहिलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण दळण संपल्यावरही त्यांना बसता आलं असतं.”

परवा अशीच बसले होते. आतून मुलाची हाक आली, “आई, माझा कंपास कुठंय?” सवयीने मी उठणार, एवढ्यात सासूबाईंचा आवाज आला,

“थांब रे जरा. तुझी आई दळतेय.”