विष्णुपुरीची वाट आणि जीपचे पाटे

नांदेडास लागून गोदावरीच्या तीरीं विष्णुपुरी आहे. येथें श्रीकाळेश्वराचें देवालय आहे आणि नदी अडवून केलेला शंकरसागर नांवाचा विस्तीर्ण जलाशय आहे. १९८१ सालीं येथें अभियांत्रिकी विद्यालय निघालें व १९९४ च्या सप्टेंबरांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. देव, जल आणि विद्या यांचा असा एकत्र वास क्वचितच आढळतो.

परंतु डांबरी सडक सोडून शेतांतून पाण्याकडे जावयाचें म्हणजे काळ्या रेगडीशीं गांठ! उन्हाळ्यांत ढेकळें आणि भेगा, पावसाळ्यांत चाकास न सोडणारा चिखल. येथें जीपच हवी. दुसऱ्या महायुद्धांत जन्मलेलें हें वाहन १९४७ पासून महिंद्र कंपनी मुंबईस जुळवूं लागली. जीप असली कीं वाट कसलीही चालते असा लोकांचा समज आहे; तो अर्धाच खरा.

आमच्या भाच्याची जीप जुनी. सडक सोडण्यापूर्वीं त्यानें ती उभी केली, मुलांना उतरविलें आणि "मामा, पांच मिनिटें बसा," असें म्हणून तो गाडीखालीं शिरला. पांचाचीं तीस मिनिटें झालीं. तेवढ्यांत आमच्या घरांतून दशम्यांचें फडकें सोडण्यांत आलें.

अशा गाडीचा सांगाडा पोलादी पाट्यांच्या कमानींवर तोललेला असतो, आणि प्रत्येक कमान इंग्रजी यू अक्षरासारख्या दोन बोल्टांनीं आंसास आवळलेली असते. पाट्यांच्या मधोमध एक बारीक बोल्ट असतो खरा. पण धक्के सोसणें हें त्याचें काम नव्हे. यू-बोल्टांच्या दाबानें पाटे व आंस यांत जें घर्षण उत्पन्न होतें, तेंच आंसास जागीं धरतें. दाब ढिला पडला कीं प्रत्येक धक्का त्या बारीक बोल्टास कातरूं लागतो. तो तुटला म्हणजे आंस सरकतो व गाडी तिरपी धांवते. पुढें नदीचा उतार होता आणि मागच्या बांकावर चार पोरें! रथाच्या आंसांत हात घालून कैकेयीनें दशरथास तारलें, ही कथा घरोघरीं सांगतात. एका खिळीपायीं केवढें रामायण घडलें!

भाच्यानें आधीं वाळलेली रेगड खरवडली, कारण तिच्या लेपाखालीं ढिला नटही घट्ट भासतो. डाव्या बाजूच्या मागच्या कमानीशीं नटाच्या बुडाला तांबूस गंजाची रेघ व शेजारीं घासून चकाकणारें लोखंड दिसलें. तेथें हालचाल झाल्याची ती खूण. ते चार नट त्यानें समोरासमोरचे, आळीपाळीनें, थोडेथोडे आवळले. एकच नट एकदम शेवटास नेला तर पाटा एकीकडे दबतो. जवळ टॉर्क रेंच नांवाचा मोजून आवळणारा पाना होता. ठरविलेला ताण येतांच तो टक् करतो. अंगांत जोर आहे म्हणून आवळीत सुटल्यास आटे मरतात. कमानीच्या टोकांस रबरी बुश असल्यास तेथील बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतांनाच आवळावे लागतात. जॅकवर लोंबकळत असतां आवळले तर रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें. शेवटीं चारही कमानींच्या सोळा नटांवरून बोल्टापर्यंत त्यानें पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट फिरला कीं रेघ तुटते.

जलाशयाच्या कांठीं मुलें संध्याकाळपर्यंत खेळलीं. परततांना सडक लागतांच भाच्यानें पुन्हां वाकून पाहिलें. सोळाही रेघा सलग होत्या. मग त्यानें हात पुसले व उरलेली दशमी मागितली.