कुरी गोब्बर

आमच्या घरात चूल एकच, पण भांडी दोन तऱ्हेची. सौ. बैलहोंगलकडची, लिंगायत, तिच्या माहेरी अंडेसुद्धा चालत नाही. मी शहापूरचा मराठा, रविवारी रस्सा नसला तर जेवल्यासारखे वाटत नाही. वीस वर्षे हे बिनबोभाट चालले. गेल्या श्रावणात कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मटण बंद केले, ते गणपती झाल्यावरही सुरू केले नाही.

"बाबा, हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नाही," ती म्हणाली. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पाळीव जनावरांच्या धंद्यातून येतात, हा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा २०१३ चा अंदाज तिने मला वाचून दाखवला. रोज वर्गात बोलणारा मी, गप्प बसलो.

येळ्ळूर रस्त्याकडे आमचे थोडे वडिलोपार्जित शेत आहे. पावसाळ्यात बासमती, मागून ओलीवर मसूर. बैल वडिलांबरोबरच गेले, आता ट्रॅक्टर येतो. पण ट्रॅक्टर शेण टाकत नाही! म्हणून मसूर निघाली की गोकाककडचा एक धनगर दोन-तीन रात्री आमच्या रानात मेंढरं बसवतो. त्याला धान्य आणि पैसे देतो. लेंडी-मुतावर पुढचे भात असे येते की युरियाचे पोते निम्म्यावर येते. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, पक्क्या शाकाहारी, पण नव्या तांदळाचा भात वाढला की पहिला प्रश्न, "यंदा कुरी गोब्बर पडलं होतं का?"

या उन्हाळ्यात मुलगी माझ्याबरोबर रानात आली. वाघरीच्या आत मेंढरं रवंथ करत होती. तिने धनगराला कन्नडमधूनच विचारले, यातली विकणार कुठली? त्याने नर कोकरे दाखवली. कळपाला एखाद-दुसरा मेंढा पुरतो. घोंगडीला पूर्वीसारखे गिऱ्हाईक नाही, लोकर कातरायची मजुरीही सुटत नाही. कोकरू विकले तरच घर चालते. मटण कोणी खाल्लेच नाही, तर हा कळप माझ्या रानात येणार नाही, आणि अत्तींच्या ताटातल्या भाताला पुन्हा पोत्यातले खत.

हे मी वाटेत मुलीला समजावू लागलो. ती म्हणाली, "म्हणून कोकराला कमी दुखतं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मात्र शेडमध्ये मका-सोयाबीन चारून सहा आठवड्यांत तयार केलेला ब्रॉयलर आणि कापणी झालेल्या रानात चरलेले मेंढरू एका मापाने मोजू नये, एवढे तिनेही मान्य केले. ब्रॉयलर मी सोडला. मटण महिन्यातून एकदा. तेवढे मात्र सुटत नाही.

शिवारात रस्ते आणि प्लॉट वाढत चाललेत. पुढच्या वर्षी वाघर लावायला जागा मिळेल ना, असे धनगर निघताना विचारत होता. मी बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "बर्री अण्णा, नम्म होलक्क बर्री."