कंटाळा येतो, डॉक्टर!

"आजार असा काही नाही हो डॉक्टर, पण कंटाळा येतो. वेळच जात नाही." हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. सांगणारे बहुधा निवृत्त झालेले असतात. कधी मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले आई-बाबा असतात, तर कधी मस्कतला एकटा राहून नोकरी करणारा, सुट्टीवर आलेला चाळिशीतला माणूस. बीपी बघून, त्याच गोळ्या पुन्हा लिहून देताना मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलो : "एखादा छंद लावून घ्या." बाहेर पेशंट थांबलेले असायचे आणि हे वाक्य म्हणायला तीन सेकंद लागायचे.

हा सल्ला किती पोकळ आहे ते मला मलेशियात कळलं.

२०१४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी दोन वर्षांच्या करारावर तिथल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवायला गेलो. केडाह नावाचं राज्य, देशाच्या उत्तर टोकाला. भातशेती, रबराचे आणि पाम तेलाचे मळे, आणि घराच्या मागच्या खिडकीतून दिसणारा गुनुंग जेराय हा सुमारे १२०० मीटर उंचीचा डोंगर. पगार बरा होता, घर कॉलेजचं होतं, माणसं भली होती. बायको सांगलीत कॉलेजात शिकवते आणि मुलगी तेव्हा बारावीला होती, त्यामुळे मी एकटाच गेलो. मित्र म्हणाले, "मजा आहे लेका तुझी!" मलाही तसंच वाटलं होतं. वीस वर्षं रोज साठ-सत्तर पेशंट बघितल्यावर कोणाला वाटणार नाही?

मजा सहा आठवडे टिकली.

मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मी साडेपाचला घरी येऊन आंघोळ करून बसायचो तेव्हा सांगलीत दुपारचे साडेतीन वाजलेले असायचे. बायको कॉलेजात, मुलगी क्लासला. त्या दोघी जेवून मोकळ्या व्हायच्या रात्री साडेनऊला, तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र झालेली. शिवाय केडाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. म्हणजे सगळं घर रविवारी निवांत असताना मी वॉर्डात, आणि शुक्रवारी मी मोकळा तेव्हा तिकडे कोणालाच वेळ नाही.

आणखी एक गोष्ट जाण्यापूर्वी कोणी सांगितली नव्हती. विषुववृत्ताजवळ ऋतूच नसतात म्हटलं तरी चालेल. सकाळी सात-साडेसातला उजाडायचं, संध्याकाळी सात-साडेसातला मावळायचं, वर्षभरात फरक काय तो अर्ध्या-पाऊण तासाचा. जानेवारीत तोच घाम, जूनमध्ये तोच घाम. कधी जास्त पाऊस, कधी कमी, एवढंच. थंडी सुरू झाली, आंबा आला, पहिला पाऊस पडला, या खुणांवर आपण वर्ष मोजतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या खुणा गेल्या आणि माझे दिवस एकमेकांना चिकटले. मंगळवार की बुधवार, हे मोबाईलवर बघावं लागायचं.

मग मी स्वतःलाच तीन सेकंदांचं औषध दिलं. छंद! कॅमेरा घेतला आणि दोन आठवडे बगळ्यांचे फोटो काढले. कीबोर्ड घेतला, 'सा रे ग म'च्या पुढे चार बोटं सरकली आणि तो कपाटावर गेला. टॅब्लेटमध्ये पुस्तकं भरून नेली होती; दहा पानं वाचायची आणि उठून फ्रिज उघडायचा. भूक नसायची. फ्रिज उघडायचा, उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचं, बंद करायचा. तिथे 'तेह तारिक' म्हणून कंडेन्स्ड मिल्क घातलेला फेसाळ चहा मिळतो. तो दिवसातून चारदा व्हायला लागला. पाच महिन्यांत माझं वजन सात किलोंनी वाढलं आणि उपाशीपोटीची साखर ११८ आली. रोज विद्यार्थ्यांना मधुमेहपूर्व अवस्था शिकवणारा मास्तर स्वतःच तिच्यात जाऊन बसला.

त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका प्रयोगाची माहिती आली होती. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांना एकेकट्याने पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा हलका पण नकोसा झटका बसेल. हा झटका त्यांनी आधी अनुभवलेला होता आणि तो टाळायला पदरचे पैसे देऊ, असंही म्हटलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःला झटका देऊन घेतला. नुसतं बसण्यापेक्षा तो बरा वाटला असावा. माझं बटण म्हणजे फ्रिजचं दार होतं. (आजकाल बहुतेकांचं बटण खिशात असतं, ते वेगळं सांगायला नको.)

कंटाळा म्हणजे आळस नव्हे, हे इथे समजून घ्यायला हवं. आळशी माणसाला काही करायचं नसतं आणि तो त्यात सुखी असतो. कंटाळलेल्या माणसाला मन गुंतवायचं असतं, पण ते कशातच गुंतत नाही. मानसशास्त्रात कंटाळ्याची व्याख्या साधारण अशीच केली जाते. म्हणून त्याच्यासमोर करण्यासारख्या दहा गोष्टी ठेवल्या तरी उपयोग होत नाही. माझ्याकडे कॅमेरा होता, कीबोर्ड होता, डोंगर होता. नव्हतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते काय हे कळायला एक वाईट सकाळ यावी लागली.

तिथे मला स्वतःचे पेशंट नव्हते. आम्ही विद्यार्थ्यांना सरकारी हॉस्पिटलात नेऊन पेशंटच्या खाटेजवळ शिकवायचो. उपचार तिथले डॉक्टर करायचे. बहुतेक पेशंट मलय बोलायचे. विद्यार्थी त्यांच्याशी मलयमध्ये बोलायचे आणि मला इंग्रजीत सांगायचे. मधली दहा-पंधरा मिनिटं मी हात मागे बांधून उभा. सुरुवातीला मी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचो. नंतर नंतर घड्याळाकडे.

त्या दिवशी साठीच्या एक बाई होत्या. मधुमेह बरीच वर्षं, पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या. विद्यार्थिनीने सांगितलं, "सर, आज सकाळपासून 'आंगिन' झालंय म्हणतात, म्हणजे गॅस. थोडा घाम येतोय." मी "हं" म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो, तिथे यकृत वाढलेला पेशंट होता आणि मला ते शिकवायचं होतं. तासाभराने वॉर्डातल्या डॉक्टरांनी बाईंचा ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका होता. वेळेत उपचार झाले, बाई वाचल्या. मला कोणी काही म्हणालं नाही, कारण त्या माझ्या पेशंट नव्हत्या. पण सांगलीत साठीच्या मधुमेही बाईंनी "गॅस झालाय, घाम येतोय" म्हटलं असतं तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ईसीजीला पाठवलं असतं. हे मला माहीत होतं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

(थोडं थांबून हे सांगतो, कारण उपयोगाचं आहे. जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम झाल्याने छातीतली कळ बोथट होऊ शकते. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याला टेकलेला असतो, त्यामुळे तिथला झटका पोटातल्या गॅससारखा किंवा ॲसिडिटीसारखा वाटू शकतो. वयस्कर माणसं, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात हे जास्त दिसतं. अचानक 'गॅस' आणि सोबत घाम, दम किंवा गळून गेल्यासारखं वाटणं असेल तर सोडा पीत घरी बसू नका. आधी ईसीजी.)

पहाटे चारला जाग येण्याचं सत्र तेव्हापासून सुरू झालं. घरून फोन आला तर "नेटवर्क नाही" असं खोटं कळवायला लागलो. शेवटी पुण्यातल्या, माझ्याच बॅचच्या एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला. तिने उपदेश केला नाही. आम्ही सगळेच वापरतो ते दोन प्रश्न विचारले : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश वाटतंय, असं किती दिवस? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर नैराश्यासाठी नीट तपासणी हवी. माझी बेरीज दोन आली. ती म्हणाली, "काठावर आहेस. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन कर. केला नाहीस तर मी करीन. आणि मला सांग, तिथे संध्याकाळी तू आला नाहीस तर कोणाच्या लक्षात येतं का?"

येत नव्हतं.

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षक राहायचे. तमिळ वंशाचे, पण जन्म तिथलाच. आजोबा रबराच्या मळ्यात मजूर म्हणून आलेले. आयुष्यभर शाळेत मलय भाषा शिकवलेली. शिक्षकाला तिथे आदराने 'चिकगु' म्हणतात, सगळी गल्ली त्यांना तसंच हाक मारायची. पत्नी वारलेल्या, मुलं क्वालालंपूरला. मी जाऊन विचारलं, "चिकगु, मला हॉस्पिटलपुरतं मलय शिकवाल का?" ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही रोज येणार असाल तर शिकवतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला मी शिकवत नाही." जागा ठरली कोपऱ्यावरचं चहाचं दुकान, वेळ साडेसहा.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तेह तारिक बंद करून टाकला. 'तेह ओ कोसोंग' मागवायला शिकवलं, म्हणजे दूध-साखरेविना चहा. कोसोंग म्हणजे रिकामं, शून्यही तेच. मग शब्द सुरू झाले. साकित म्हणजे दुखणं. डोकं म्हणजे कपाला. आपलं कपाळच ते! भाषेला बाहासा, माणसाला मानुसिया, उपासाला पुआसा. मधुमेहाला 'कंचिंग मानिस', शब्दशः गोड लघवी. मी त्यांना म्हटलं, आमच्या 'मधुमेह' शब्दाचाही अर्थ तोच. त्यावर चिकगु इतके हसले की दुकानदार बघायला आला. आणि आंगिन म्हणजे नुसता वारा. पोट फुगलं, अंग ठणकलं, छातीत दडपलं, सगळ्याला माणसं आंगिन म्हणतात, ते म्हणाले. माझी आजी 'वात' शब्द असाच वापरायची.

एकदा पावसामुळे मी गेलो नाही. पावणेसातला छत्री घेऊन चिकगु माझ्या दारात. "आजचे शब्द कोण म्हणणार?" त्यांनी विचारलं. कॅमेऱ्याने किंवा कीबोर्डने मला असं कधी विचारलं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी वॉर्डात मी एका म्हाताऱ्या बाईंना स्वतः विचारलं, "माकचिक, साकित दि माना?" मावशी, कुठं दुखतंय? माकचिक जी सुटली! त्यातलं मला चार आण्यांइतकं कळलं. विद्यार्थी खो खो हसले, मग माझे उच्चार दुरुस्त करायला लागले. तेव्हापासून रोज मी दोन शब्द चुकायचे आणि त्यांनी सुधारायचे, असं ठरूनच गेलं. घड्याळाकडे बघायला सवड उरली नाही. एकटेपणा गेला असं म्हणणार नाही. रविवारचे वॉर्ड शेवटपर्यंत जड गेले, आणि २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमात्राच्या जंगलांतल्या आगींचा धूर येऊन जेराय दिसेनासा झाला तेव्हा महिनाभर फार उदास वाटलं. पण साडेसहा वाजायचे, आणि मला जावं लागायचं. परतताना वजन पाच किलोंनी उतरलं होतं, साखर १०१.

आता कोणी "कंटाळा येतो" म्हटलं की मी आधी ते दोन प्रश्न विचारतो. झोप, भूक आणि वजन कसं आहे ते बघतो. गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासतो, कारण मरगळीला अनेकदा कंटाळा हेच नाव दिलं जातं. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेतल्या श्वासाचीही चौकशी करतो. जगणं नकोसं वाटतंय असं कोणी बोललं तर ते थट्टेवारी नेत नाही, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, तिथे मराठीतही बोलता येतं. हे सगळं ठीक असलं की मग मैत्रिणीचा प्रश्न विचारतो : तुम्ही नाही गेलात तर कोण वाट बघतं?

परवा एक निवृत्त बँक कर्मचारी या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेजारच्यांचा नातू गणितात कच्चा आहे. त्याची आई मागे एकदा म्हणाली होती, काका, शिकवाल का म्हणून." मी विचारलं, "किती वाजता जाल?" ते म्हणाले, "बघू, कधीतरी..." मी म्हटलं, "कधीतरी नको, वेळ सांगा." त्यांनी पाच सांगितली. मी ती बीपीच्या गोळीखाली, प्रिस्क्रिप्शनवरच लिहून दिली.

चिकगुंचा अजूनही शुक्रवारी सकाळी फोन येतो. त्यांना सुट्टी आणि माझी ओपीडी चालू. रिसेप्शनवरच्या ताईंना आता सवय झाली आहे; सरांचा मलेशियाचा फोन म्हणून त्या पुढच्या पेशंटला दोन मिनिटं बसवून ठेवतात.