इंद्राईवरचा आडोसा

डोंगरावर पावसाने गाठले तर झाडाखाली जाऊ नका, कडा गाठा, असे माझे चुलते सांगत. जन्मभर त्यांनी मेंढ्या राखल्या. त्यांचा कडा म्हणजे चांदवडच्या उत्तरेचा, राजधेरवाडीजवळचा इंद्राई.

तिथे कातळात खोदलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. खोदली ती गडावरच्या शिबंदीसाठी. 1636 साली शाहजहानचा सरदार अलावर्दीखान याने हा मुलूख घेतला, त्याचा फारसी शिलालेख वाटेवर अजून आहे. 1818 साली इंग्रजांनी शेजारचा राजधेर घेतला आणि इंद्राईही त्यांच्याकडे गेला. शिबंदी उठली, गुहा राहिल्या. तिथे गुराखी-मेंढपाळ टेकू लागले. राजधेरच्या वाटेवर आता लोखंडी शिडी आहे. तिच्यावर माणूस चढतो, मेंढी कशी चढणार? इंद्राईला कोरीव पायऱ्या आहेत.

दहा-अकरा वर्षांचा असताना श्रावणातल्या झडीत मी चुलत्यांबरोबर दोन रात्री तिथे काढल्या. ओल्या लोकरीचा वास, डोळ्यांत धूर, आणि घोंगडीत माझ्या पोटाशी एक कोकरू. आत कुणीतरी फाटी रचून ठेवली होती, ती आम्ही जाळली. निघताना चुलत्यांनी मला तेवढीच फाटी गोळा करायला लावली. "आपल्याला कुठं जाळायचीय?" मी कुरकुरलो. "मागून येनाऱ्याला," एवढेच ते म्हणाले.

आता मागून येणारे म्हणजे पाठीवर पिशव्या घेतलेली शहरातली मुले. गेल्या भादव्यात पुतण्याच्या चौदा मित्रांबरोबर मीही गेलो. मुले चांगली, विचारून शिकणारी. आम्ही गुहाभर सामान पसरले आणि पाऊस आला. थोड्या वेळाने एक म्हातारबाबा बकऱ्या घेऊन आले आणि तोंडाशीच, पागोळ्यांत उभे राहिले.

"या ना बाबा, आत या."

"असू द्या, तुम्ही पाव्हणं."

खरे सांगतो, मान वर करवेना. त्यांच्या जागेत पाय पसरून मी बसलो होतो आणि ते बाहेर भिजत होते. माझे बोचके उचलले तशी मुलेही उठली. बकऱ्या आत शिरल्या. एकीने अंग झटकून एका मुलीला चिंब केले, तेव्हा सगळे हसले.

तेवढ्यात बाबांनी एका शेळीच्या तोंडात बोटे घालून वेफर्सची पिशवी ओढून काढली. मिठाच्या वासाने शेळी ती चघळत होती. "पोटात गुंता व्हतो. मग चारा सोडती अन् मरती. मागच्या साली दोन गेल्या." शेळीची किंमत तुम्हा शेतकऱ्यांना मी काय सांगू! तुमच्या घरची मुले गड चढायला निघाली, तर त्यांच्या पिशवीत एक रिकामे पोते घाला.

आमच्या मुलांनी सकाळी दोन पोती कचरा भरून खाली आणला. मी फाटी गोळा केली. ती ओली होती, म्हणून आतल्या भिंतीला उभी करून ठेवली.