शेवटचं ‘कॉज्ड बाय’

गंधवानी, सोमवार, ३ मार्च २०२५

काल रात्री संग्रह डीस्पेस या सॉफ्टवेअरच्या ७ व्या आवृत्तीवरून ८ व्या आवृत्तीवर नेला. देवासच्या एका संस्थेचे स्कॅन केलेले मोडी कागद त्यात आहेत; मी ते इथून, घरूनच सांभाळतो. सकाळी ते चालवणारा टॉमकॅट सर्व्हर चालू होता, पण पान उघडलं की ४०४. लॉगमध्ये चूक दाखवणारी एकही ओळ नाही. अभ्यासक खोळंबलेत, याने जीव टांगणीला लागला.

दुपारी उलगडलं. जावा ईई हे एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, पण जावा नावाचा हक्क ऑरॅकलकडेच राहिला. म्हणून २०२० मध्ये ‘जावाएक्स’ पॅकेजांची नावं ‘जकार्ता’ झाली. डीस्पेस ८ ज्या स्प्रिंग ६ या जावा फ्रेमवर्कवर उभं आहे, त्याला नवी नावं लागतात. टॉमकॅट ९ ला फक्त जुनी कळतात. त्याला नव्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ओळखीचं काही दिसलंच नाही, म्हणून त्याने ते सुरूच केलं नाही. तक्रार नोंदवायला कुणी जागंच झालं नव्हतं.

मंगळवार, ४ मार्च

टॉमकॅट १०.१ चढवला आणि लॉग शेकडो ओळींनी भरला. स्प्रिंगमध्ये क्लासने आपल्याला लागणारी वस्तू स्वतः घडवायची नसते. नुसतं मागायचं, कंटेनर सुरू होताना ती वस्तू, म्हणजे बीन, आणून हाती देतो. मार्टिन फाउलरने २००४ मध्ये या पद्धतीला डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव दिलं. यात एक बीन जरी उभं राहिलं नाही, तरी त्याच्यावर विसंबलेलं वरचं सगळं कोसळतं.

सकाळभर मी लॉगच्या पहिल्या ओळीत नाव होतं तोच क्लास तपासत बसलो. तो निर्दोष होता. वरच्या ओळीत कोण अडलं ते कळतं, का अडलं ते सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये असतं. तिथे लिहिलं होतं: नोक्लासडेफफाउंडएरर, जुन्या नावाचं एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट. आणि ते मागणारा क्लास माझाच, २०२२ मध्ये लिहिलेला. मोडी कागदांतल्या सुहूर सनावरून इसवी सन काढणारा. वाचकाने कुठली भाषा निवडली आहे ते पाहायला मी तेव्हा ब्राउझरची विनंती त्यात ओढून आणली होती. तारीख काढणाऱ्याला ब्राउझरशी काय देणंघेणं? नाव बदलून भागलं असतं. मी ती मेथडच काढून टाकली.

बुधवार, ५ मार्च

आज नवी अडचण: नोसचबीनडेफिनिशनएक्सेप्शन. क्लास जागेवर आहे, पण त्याचं बीन कुणी जाहीरच केलेलं नाही. ती नोंद मी थेट सर्व्हरवरच्या स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये केली होती. डीस्पेस अद्ययावत करणाऱ्या ‘अँट अपडेट’ने तिथे नवी फाइल ठेवली आणि माझी ‘.ओल्ड’ जोडून बाजूला सारली. त्याने नेमून दिलेलं काम चोख केलं. आपल्या नोंदी आपल्या वेगळ्या फाइलमध्ये आणि मूळ सोर्समध्येच असायला हव्यात. आज तसं केलं. बिल्ड चालू असताना दोनदा वीज गेली.

शुक्रवार, ७ मार्च

काल संध्याकाळी सर्व्हर उभा राहिला. रात्रभर इंडेक्स पुन्हा बांधला.

सकाळी बाबांना शेजारी बसवून एक पत्र उघडलं. ‘सीत सबैन मया व अलफ’, महिना मोहरम. बाबांनी बोटांवर मोजलं: सहा, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७६. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. “त्या साली मोहरम फेब्रुवारीत लागला होता,” ते म्हणाले, “तेव्हा सहाशेच. सतराशे शहात्तर.” पडद्यावरही १७७६ च होतं.

दुपारी एक चाचणी लिहिली. ती काहीच शोधत नाही, नुसता कंटेनर उभा करून बघते. यापुढे ती पार पडल्याशिवाय काहीही देवासला जाणार नाही. बाहेर भगोरियाच्या जत्रेचे मांदळ वाजायला लागले होते. संस्थेला कळवलं: संग्रह उघडा आहे.