धामणकर नाका : चेहरा आणि दाखला

अंजूरफाट्याकडून भिवंडी शहरात शिरताना रस्ता जिथे एकाएकी दाटतो, तो धामणकर नाका. जवळच पद्मानगरची गजबजलेली वस्ती, कामतघर आणि वऱ्हाळादेवीचा तलाव. रस्त्याच्या मधोमध आता मेट्रोचे खांब उभे आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. त्याचा पहिला टप्पा कापूरबावडीहून निघून याच नाक्यापाशी संपतो. मुंबईहून येणाऱ्याला नाक्याची पहिली ओळख होते ती आवाजाने. रिक्षांचे भोंगे आणि टेम्पोंची घरघर यांच्या खाली आणखी एक अखंड खडखडाट चालू असतो. तो गल्लीबोळांतल्या यंत्रमागांचा. येथे राहणाऱ्याला तो ऐकू येत नाही. वीज गेली आणि माग थांबले, म्हणजे मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

सकाळी आठच्या सुमारास नाका सर्वांत जिवंत असतो. रात्रपाळी सुटलेली आणि दिवसपाळीला निघालेली माणसे एकाच चहाच्या टपरीवर भेटतात. एकाच्या केसांत कापसाची बारीक तूस अडकलेली, तर दुसऱ्याचे केस नुकतेच तेल लावून विंचरलेले. सुताच्या बिमांनी लादलेले टेम्पो कारखान्यांकडे वळतात, कोऱ्या कापडाचे तागे भरलेले टेम्पो पेढ्यांकडे निघतात. या शहराची वीण अशीच बाहेरून आलेल्या धाग्यांची आहे. तेलंगणातील पद्मशाली विणकर आले आणि त्यांनी पद्मानगर वसवले. मऊ, आझमगडसारख्या उत्तरेकडील विणकर जिल्ह्यांतून कारागीर आले. जामनगर परिसरातील हालार प्रांतातून आलेल्या वीसा ओसवाळ कुटुंबांनी येथे माग, सूत आणि कापडाच्या व्यापारात पाय रोवले आणि शाळा-महाविद्यालयेही उभारली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे आसपासच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांत गोदामे वाढत गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर जकात संपली, परंतु गोदामे वाढतच राहिली.

माग असो वा गोदाम, दोहोंच्या दारात आज एक छोटा प्रसंग पुनःपुन्हा घडतो. एक किरकोळ अंगाचा तरुण दारापाशी येऊन उभा राहतो. ओठांवर मिसरूडही धड फुटलेले नसते. मुकादम त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो आणि विचारतो, "उमर कितनी?"

"बीस."

"कागज है?"

तरुण क्षणभर थबकतो. तो खरोखरच वीस वर्षांचा असतो. गावी त्याचे लग्नही ठरलेले असू शकते. दोन धाकट्या भावंडांच्या शाळेचा खर्च त्याच्याच मजुरीवर चालत असू शकतो. आणि येथे, चार माणसांदेखत, त्याला तो लहान मूल नसल्याचे सिद्ध करावयाचे असते. कागद असला तर तो शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला निघतो. नसला तर तो तरुण मुकाट्याने नाक्याकडे परततो. त्या दिवसाची मजुरी बुडते. कित्येकदा पुढच्या दारातही तोच प्रश्न वाट पाहत असतो.

सुखवस्तू घरात 'वयापेक्षा लहान दिसणे' हे कौतुकाचे समजले जाते. कारखान्याच्या दारात त्याचा अर्थ वेगळा होतो. बालपणी पुरेसे अन्न न मिळालेल्या मुलाची उंची खुंटते, हाडापेराने तो बारीक राहतो, म्हणून वीस वर्षांचा गरीब तरुण अनेकदा पंधरा-सोळाचा भासतो. उलट, लहानपणापासून उन्हात राबलेला चौदा वर्षांचा मुलगा अठराचा वाटू शकतो. म्हणजे केवळ चेहरा पाहून निर्णय करणारा माणूस दोन्हीकडे चुकतो. ज्याला काम मिळावयास हवे त्याला तो परत पाठवतो आणि ज्याने शाळेत असावयास हवे त्याला मागापुढे उभा करतो.

तथापि, मुकादमाने प्रश्न विचारू नये असे म्हणता येत नाही. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये अधिक कडक झाला. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेबाहेर केलेली मदत आणि बालकलाकार यांपुरतीच मर्यादित सवलत आहे. चौदा ते अठरा या वयातील किशोरांना धोकादायक कामांवर घेता येत नाही. इतर कामांतही त्यांना सायंकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत राबवता येत नाही आणि विश्रांती धरून दिवसाचे सहा तास ओलांडता येत नाहीत. यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची. तेव्हा अठरा पूर्ण न झालेल्याला तेथे पूर्ण पाळीवर उभे करण्यास जागाच उरत नाही. बालकास कामावर ठेवणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी मुद्दा उरतोच. एकेकाळी कांडी भरण्याचे काम मुलांच्या लहान बोटांना सहज जमते, असे म्हटले जाई. त्या बोटांत पाटी-पेन्सिल यावी म्हणून हा प्रश्न विचारला जातो. तो मुळात अपमानाचा प्रश्न नाही.

अडचण आहे ती उत्तराची. वयाचा पुरावा म्हणजे नेमके काय? महाराष्ट्रात एका पिढीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत, जन्माची नोंद नसे आणि प्रवेशासाठी वय भरावे लागे. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि १ जून लिहून टाकीत. त्यामुळेच ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत एकदम अनेक निरोपसमारंभ होतात. आधार कार्डाच्या बाबतीतही असेच घडले. ज्याने केवळ वय सांगितले, त्याची जन्मतारीख त्या वर्षाची १ जानेवारी धरली गेली. म्हणूनच आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे ते देणाऱ्या प्राधिकरणानेच स्पष्ट केले. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात आधारावरील तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. नाक्यावरच्या तरुणाच्या खिशात मात्र बहुधा आधार कार्डच असते. शाळेचा दाखला दूर गावी, पत्र्याच्या पेटीत राहिलेला असतो.

कागद मुळीच नसेल तर शेवटचा मार्ग वैद्यकीय तपासणीचा. अल्पवयीनांच्या न्यायासंबंधीच्या २०१५ च्या कायद्याने पुराव्यांचा क्रम लावून दिला आहे. आधी शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसल्यासच हाडांची तपासणी. कारण हाडे नेमकी तारीख सांगत नाहीत. क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नमूद केले होते. विज्ञानालाही जेथे दोन वर्षांची सूट लागते, तेथे मुकादमाच्या नजरेचा भरवसा किती धरावा?

व्यापारी माणसाला ही गोष्ट नवी नाही. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष हा खटला वाचलेला असतो. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या धर्मदास घोष या तरुणाने आपली मालमत्ता वीस हजार रुपयांसाठी ब्रह्मदत्त या सावकाराकडे गहाण ठेवली. त्याच्यासाठी न्यायालयाने पालक नेमलेला होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे अशा व्यक्तीचे अज्ञानपण अठराव्या नव्हे, तर एकविसाव्या वर्षी संपे. हा मुलगा अद्याप वयात आलेला नाही, अशी लेखी सूचना त्याच्या आईच्या वतीने सावकाराच्या वकिलाकडे पोहोचली होती. तरीही 'मी वयात आलो आहे' असे निवेदन मुलाकडून लिहून घेऊन व्यवहार पुरा करण्यात आला. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की अज्ञानाशी केलेला करार मुळातच शून्य आहे. गहाणखत रद्द झाले आणि दिलेली रक्कमही परत मिळाली नाही. जाणता दिसणारा चेहरा आणि कागदावरची सही, दोन्ही असूनही सावकाराचे पैसे बुडाले. वय विचारणे पुरेसे नाही, ते पडताळावेही लागते, हा धडा त्या निकालाने पेढ्यांना घालून दिला.

नाक्याच्या आसपासच्या पेढ्यांत याच गोष्टीची दुसरी बाजूही दिसते. वडिलांबरोबर बँकेत गेलेला एकोणीस वर्षांचा, कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा स्वतःच्या सहीने व्यवहार करू पाहतो आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी वयाचा दाखला मागतो. वडील दुखावतात. 'तीन पिढ्यांचे खाते, आणि आमच्या मुलाला दाखला?' परंतु ज्या कारणाने त्यांचा मुकादम परक्या तरुणाला थांबवतो, त्याच कारणाने बँक त्यांच्या मुलाला थांबवते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार अज्ञान मुलाला पेढीच्या लाभात घेता येते, तो भागीदार मात्र होत नाही. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने जाहीर सूचना देऊन आपला निर्णय कळवावयाचा असतो. कळवला नाही तर तो भागीदार ठरतो आणि त्याला लाभात घेतले तेव्हापासूनच्या पेढीच्या देण्यांची जबाबदारी त्याच्या शिरावर येते. अठराव्या वाढदिवसाची तारीख ही अशा घरात केवळ मिठाई वाटण्याची तारीख नसते. फरक इतकाच, की या मुलाचा जन्मदाखला घरच्या कपाटातल्या फायलीत असतो. तासाभरात तो बँकेत पोहोचतो आणि प्रश्न मिटतो. दारातल्या त्या दुसऱ्या तरुणाला तेवढ्याच कागदासाठी दीड हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

हालारातून निघालेली काही ओसवाळ कुटुंबे भिवंडीऐवजी केनियात आणि तेथून पुढे ब्रिटनमध्ये गेली. तेथील दुकानांत एक पद्धत रूढ आहे. वयोमर्यादा असलेल्या वस्तू विकताना कायदा अठरा वर्षे म्हणतो, पण जो कोणी पंचवीसपेक्षा लहान दिसेल त्याच्याकडे ओळखपत्र मागावे, अशी सूचना गल्ल्यावरच लावलेली असते. माणसाच्या नजरेची चूक तेथे आधीच गृहीत धरलेली आहे. सर्वांनाच विचारले जाते, म्हणून कोणालाच बोटाने दाखवल्यासारखे वाटत नाही. चोविसाव्या वर्षी दाखला मागितला गेल्यास तेथील माणूस हसून तो दाखवतो.

नाक्यावरच्या दारांना ही पद्धत अंगीकारणे कठीण नाही. प्रश्न चेहरा पाहून न विचारता कामावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारावा, मग तो मिशाळ असो वा कोवळा. तो बाजूला बोलावून, बसवून विचारावा. कागद पाहून त्याची छायाप्रत ठेवावी आणि मूळ प्रत तत्काळ परत द्यावी, कारण तीच त्या तरुणाची पुढच्या दारातली शिदोरी असते. कागद नसल्यास त्याला केवळ 'जा' असे न सांगता कोणता कागद आणि कोठून आणावा, ते सांगावे. गावच्या शाळेतील दाखल्याची नक्कल घरच्या माणसाला मागवता येते. जन्माची नोंदच झाली नसेल तर एका वर्षानंतरही दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरला आहे. तेव्हा येथे जन्मणाऱ्या कामगाराच्या बाळाची नोंद एकवीस दिवसांच्या मुदतीत व्हावी एवढे जरी मालकाने पाहिले, तरी आणखी अठरा वर्षांनी एका तरुणाला दारातून परतावे लागणार नाही. आणि तपासात समोरचा खरोखरच लहान निघाला, तर आपली सुटका झाली असे समजून त्याला पुन्हा नाक्याच्या गर्दीत सोडून देणे हे दयेचे लक्षण नव्हे. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठीच आहे.

बहीखात्याच्या काळात शब्दावर व्यवहार चालत, कारण शब्द देणाऱ्याचे घर, गाव आणि घराणे ठाऊक असे. धामणकर नाक्यावर रोज उतरणाऱ्याचे घर कोणाला ठाऊक नसते. त्याच्या बाजूने साक्ष देणारा एक कागदच असतो. म्हणून तो मागणाऱ्याने तो नसल्याची शिक्षा देऊ नये, तो मिळवून देण्यास हातभार लावावा.

रात्री आठला पुन्हा पाळी बदलते. टपरीवर पुन्हा गर्दी होते. सकाळी परत पाठवलेला तरुण अशा वेळी कधी कधी तेथेच एका कोपऱ्यात उभा दिसतो. फोन कानाला लावून तो गावी कोणाला तरी सांगत असतो, की पेटीत खालच्या बाजूला, लाल कापडात, शाळेचा कागद आहे, त्याचा फोटो काढून पाठवा. थोड्या वेळाने पडदा उजळतो. तो दोन बोटांनी चित्र मोठे करून तारीख वाचतो, खिशातली प्लॅस्टिकची पिशवी चाचपतो आणि छायाप्रतीच्या दुकानाकडे वळतो.