लाल विझला, हिरवा उरला

उस्मानपुऱ्यातलं मामाचं घर बिल्डरकडे जायच्या आधी माळा रिकामा करताना एक पत्र्याची पेटी निघाली. झाकण उघडलं आणि करपलेल्या जिलेटीनचा वास नाकात शिरला. लाल, निळे, अंबर, हिरवे कागद. प्रत्येकाच्या मधोमध दिव्याच्या धगीनं पडलेला तपकिरी डाग. मामा गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दुपारी माळ्यावर बसून रडलो.

मामा नोकरी सांभाळून हौशी नाटकांची प्रकाशयोजना करायचा. गणपतीत मंडपातल्या नाटकाला मिठाच्या पाण्याचा डिमर असायचा. चिनी मातीची बरणी, तिच्यात मिठाचं पाणी आणि दोन पत्रे, एक तळाशी, दुसरा दोरीला. वरचा पत्रा खाली सोडत गेलं की दिवा उजळत जायचा आणि पाणी कोमट व्हायचं. बरणीच्या जवळ फिरकायची मला बंदी होती. पहाट झाली, वादळ आलं, माणूस मेला, सगळं त्या दोरीवर चालायचं.

संत एकनाथ रंगमंदिरातली एक रात्र मात्र अजून सुटत नाही. कुठलंसं रहस्यनाटक होतं. मी शाळकरी, विंगेत स्टुलावर बसलेलो. नायिकेचा खून झाला, अंधार झाला, आणि ती विंगेत येऊन उभी राहिली. पुढच्या प्रवेशात ती भूत होऊन येणार होती. मामानं लाल उतरवत नेला आणि हिरवा चढवला. लालात तिचा चेहरा तुकतुकीत, तरणा होता. हिरवा चढला तशा गालांवर काळ्या रेघा उमटल्या, डोळ्यांखाली खड्डे पडले. माझ्यापासून हातभर अंतरावर ती म्हातारी झाली. माझ्या डोक्यावरून, माझ्या मागे असलेल्या कुणाकडे तरी ती पाहत होती. मी वळलो नाही.

सत्तरच्या दशकातले इटालियन भयपट आणि खूनपट मला पुष्कळ उशिरा भेटले, कॉलेजात असताना, मुंबईहून आलेल्या कॅसेटवर. कॉपीवरून कॉपी काढलेली, लाल रंग कडेनं ओघळणारा. त्यांतला एक दारिओ आर्जेन्तोचा ‘सुस्पिरिया’ होता, 1977 चा. पावसाळी रात्री विमानतळाच्या काचेच्या दारातून एक मुलगी बाहेर पडते, टॅक्सी करते, आणि तिच्या चेहऱ्यावर लाल, निळे, हिरवे पट्टे सरकू लागतात. त्या रंगांचा दिवा कुठेच नाही. गोब्लिन या बँडचं संगीत कुणी कानाशी कुजबुजावं तसं चालू. भीती वाटली, पण तिच्या आधी ओळख पटली. हे मामाचं काम होतं.

पुढे वाचलं की छायालेखक लुचानो तोव्होलीनं त्या चित्रपटात नेहमीच्या जिलेटीनऐवजी मखमल आणि पातळ रंगीत कागद दिव्यांपुढे ताणले होते, आणि प्रखर आर्क दिवे नटांच्या अगदी जवळ आणले होते. आर्जेन्तोला डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’चे रंग हवे होते. प्रती टेक्निकलरच्या जुन्या, रंग थरांनी चढवण्याच्या पद्धतीनं काढल्या. म्हणून तो लाल इतका भरीव दिसतो.

आर्जेन्तोच्या आधीचा मारिओ बाव्हा. तो मुळात कॅमेरामन. 1957 च्या ‘इ व्हाम्पीरी’चं दिग्दर्शन रिकार्दो फ्रेदानं अर्ध्यावर सोडलं आणि बाव्हानं ते पुरं केलं. त्यात एक देखणी बाई कॅमेऱ्यासमोर, कुठेही न तोडता, म्हातारी होत जाते. फिल्म कृष्णधवल. सुरकुत्या रंगीत मेकअपनं आधीच काढून ठेवलेल्या. फिल्टर बदलला की त्या दिसू लागतात. हे वाचलं आणि विंगेतली बाई पुन्हा समोर आली. लाल रेघ लाल उजेडात मिटते, हिरव्यात काळी पडते. एवढंच होतं ते. पण ती कुणाकडे पाहत होती, याचं उत्तर फिल्टरमध्ये नाही.

या चित्रपटांवरून माझा एक जुना राग आहे. रसग्रहणाच्या एका शिबिरात एका व्याख्यात्यानं मला भर सभेत गप्प केलं होतं. ‘इटली म्हणजे दे सिका, रोसेलिनी, फेलिनी, बाकी कत्तलखाना.’ दे सिका मलाही प्रिय आहे. 1952 मध्ये मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘बायसिकल थीव्ह्ज’ आला, बिमल रॉय यांनी पाहिला, आणि पुढच्या वर्षी ‘दो बिघा जमीन’ झाला, हे आम्हाला अभिमानानं शिकवलं जातं आणि ते योग्यच आहे. पण 1972 मध्ये रामसे बंधूंनी महाबळेश्वरात ‘दो गज जमीन के नीचे’ उभा केला, एका भावानं कॅमेरा धरला, बाकीच्यांनी उरलेली खाती वाटून घेतली, तेव्हा त्यांच्या खिडकीतून येणारा तो निळा उजेड बाव्हाच्या घराण्यातलाच होता, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. एक इटली आम्ही पुढच्या दारानं घेतली, दुसरी मागच्या. मागच्या दारानं आलेल्यांचं कसब कुणी लिहून ठेवलं नाही. मामाचंही नाही, नाटकाच्या हँडबिलावर त्याचं नाव कधी असायचं, कधी नसायचं.

या चित्रपटांत बायकांच्या मरणाचा जो सोहळा होतो तो मला आजही सलतो. आर्जेन्तोच्या पडद्यावर खुन्याचे काळे हातमोजे दिसतात, त्यांत बहुतेक वेळा त्याचे स्वतःचेच हात असत. हे कळल्यावर काही प्रसंग सहन होत नाहीत, तेवढे मी पुढे ढकलतो.

तरी 1975 चा ‘प्रोफोंदो रोसो’ मी सोडू शकत नाही. तुरिनमध्ये चित्रित केलेला. एक पियानोवादक खून झालेल्या घरात धावत शिरतो, चित्रांनी भरलेल्या बोळातून जातो, आणि नंतर त्याला राहून राहून वाटतं की तिथलं एक चित्र नाहीसं झालंय. चित्र नव्हतंच. तो आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा होता. चेहरा प्रेक्षकालाही त्याच वेळी दाखवलेला असतो. पुढच्याच वर्षी आपल्याकडे वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांचा. तो मामानं मला मांडीवर बसवून दाखवला होता.

विंगेतल्या त्या बाईबद्दल मामाला मी मोठेपणी विचारलं. तो म्हणाला, ‘अरे, त्या वेळी ती विंगेत नव्हतीच. मेकअप रूममध्ये होती.’

आणि अजिंठा. इटली तिथेही आली होती. निजामाच्या राज्यानं 1920 च्या सुमारास तिथली चित्रं वाचवायला इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, भिंती वाचवल्या, आणि वरून लाखेचं रोगण चढवलं. ते वर्षांगणिक पिवळं, मग गडद होत गेलं. आमच्या पिढीनं अजिंठा पाहिला तो त्या इटालियन थरातून. रसायनतज्ज्ञ तो थर काढत आहेत, आणि काढायलाच हवा.

सतराव्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. व्यापाऱ्यांचं गलबत फुटतं, बेटावरच्या सुंदर बायका त्यांना घरी नेतात. त्या राक्षसिणी असतात. एक सिंहलाच्या मागोमाग त्याच्या नगरात येते, राजा तिच्यावर भाळतो, आणि एका रात्रीत राजवाड्यात कुणी जिवंत उरत नाही. पाचव्या शतकातल्या चित्रकारानं त्या बायकांना माणसं खाताना रंगवलंय, पद्मपाणी रंगवणाऱ्या परंपरेच्याच हातानं, तेवढ्याच मायेनं. गाईड बहुतेकांना तिथून राहुल-यशोधरेकडे नेतात. या भिंतीपाशी थांबायचं असेल तर लेण्यात शिरण्याआधीच गाईडला तसं सांगून ठेवावं लागतं, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत त्याला थोडं थांबवून धरावं लागतं.